नग एक, हजर

सरकारी कार्यालयातील टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला आपल्याकडे 'डेड स्टॉक रजिस्टर' म्हणतात. हे नाव ज्याने प्रथम मराठी कार्यालयांत रूढ केले, त्याला भविष्य दिसत असावे. या वहीत यंत्राच्या दोनच अवस्था संभवतात : ते आहे, किंवा ते नाही. खरेदीची तारीख, पुरवठादार, बिलाचा क्रमांक, किंमत आणि ठेवण्याची जागा या सर्वांना रकाने आहेत. शेऱ्यासाठीही एक रकाना आहे. यंत्र चालते का, या प्रश्नासाठी मात्र नाही.

वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी झाली पाहिजे, असे सामान्य वित्तीय नियम सांगतात, आणि ती होतेही. पडताळणीस आलेला अधिकारी धूळ खात पडलेल्या यंत्रावरचा क्रमांक वहीशी ताडून पाहतो, 'नग एक, हजर' असा शेरा लिहितो आणि पुढच्या खोलीत जातो. त्याने नियमाचे तंतोतंत पालन केलेले असते. ते यंत्र वर्षभर बंद असल्याचे त्याला दिसत असले, तरी तसे लिहिण्याचे बंधन त्याच्यावर नसते. उद्या तेच यंत्र चोरीला गेले तर चौकशी होईल, जबाब घेतले जातील, कोणाच्या तरी पगारातून वसुली निघेल. बंद यंत्र आणि चोरीला गेलेले यंत्र यांचा रुग्णाला होणारा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य आहे. परंतु पहिल्याची चौकशी कोणी करत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या सार्वजनिक प्रयोगशाळांतील यंत्रे बिघाडामुळे बंद पडत असतील, पण ती बंद राहतात आमच्या हिशेबाच्या पद्धतीमुळे. दोष तंत्रज्ञाच्या माथी मारणे सोयीचे आहे, म्हणून तो तेथे मारला जातो.

माझे कार्यालय कोलकात्यात फोर्ट विल्यममध्ये आहे. पलाशीच्या लढाईनंतर, १७५८ साली क्लाइव्हने या किल्ल्याचे काम सुरू केले आणि १७८१ च्या सुमारास ते पुरे झाले. किल्ल्याचे नवे नाव विजय दुर्ग. ते आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून घेतलेले असून २०२५ मध्ये जाहीर झाले. पूर्वीचे सेंट जॉर्ज गेट आता शिवाजी गेट आहे. ज्या शहराने १७४२ साली मराठ्यांच्या धास्तीने 'मराठा डिच' नावाचा खंदक खणायला घेतला आणि अर्धवट सोडला, त्याच शहरातील किल्ल्याच्या दारावर महाराजांचे नाव वाचताना येथील मराठी माणसाला गंमत वाटल्यावाचून राहत नाही. लोकांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे, म्हणून मीही तेच वापरतो.

पण मुद्दा नावाचा नाही. सुमारे अडीचशे वर्षांच्या या भिंती उभ्या आहेत, याचे कारण इमारतीची देखभाल हे सरकारी हिशेबात दरवर्षी येणारे, सर्वमान्य काम आहे. गिलावा, गळती, रंग, गटारे यांसाठी अंदाजपत्रक असते, दर ठरलेले असतात आणि जबाबदार अभियंता नेमलेला असतो. छत गळू लागले तर 'नवा किल्ला खरेदी करावा' असा प्रस्ताव कोणी पाठवत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र नेमका असाच प्रस्ताव येतो.

पूर्व भागातील निरनिराळ्या कार्यालयांची खरेदी-प्रकरणे आर्थिक संमतीसाठी माझ्याकडे येत असतात. काही वर्षांपूर्वी त्यांत एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रकरण होते. रुग्णालयाचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी प्रकरणे सगळीकडून येतात. मागणी होती एका नव्या सेंट्रिफ्यूजची. रक्ताची नळी वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवायच्या आणि वरचा द्रव तपासणीसाठी वेगळा काढायचा, हे या यंत्राचे काम. जुने यंत्र चौदा महिन्यांपासून बंद होते. सोबत पुरवठादार कंपनीचे पत्र होते : कंट्रोल बोर्ड बदलावा लागेल, मोटर बदलावी लागेल, अभियंत्याचा प्रवासखर्च वेगळा. एकूण आकडा नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक. त्यावर समितीचा दाखला : 'दुरुस्ती किफायतशीर नाही, निर्लेखन करून नवीन खरेदी करावी.'

मी प्रकरणावर एकच प्रश्न विचारला : यंत्रात दोष काय आहे? तीन आठवड्यांनी उत्तर आले : 'यंत्र नादुरुस्त आहे.' मी पुन्हा विचारले : कोणकोणत्या भागांची तपासणी केली? उत्तर आले : 'यंत्र पूर्णतः नादुरुस्त आहे.' समितीवर तीन अधिकारी होते. तिघांच्याही सह्या होत्या. झाकण उघडून पाहिल्याची नोंद कुठेही नव्हती.

शेवटी रुग्णालयाच्या संमतीने मी एका निवृत्त नायब सुभेदारांना ते यंत्र पाहण्यास सांगितले. ते मूळचे सातारा जिल्ह्यातील, आयुष्य लष्कराच्या ईएमई दलात गेलेले, आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे इकडेच राहिलेले. त्यांनी काय केले ते क्रमाने सांगण्यासारखे आहे, कारण सगळा मुद्दा त्या क्रमात आहे.

प्रथम त्यांनी यंत्राचा प्लग काढला आणि फिरत्या भागाभोवतीचे भांडे जंतुनाशकाने पुसून घ्यायला लावले. आत रोग्यांचे रक्त सांडलेले असू शकते, हे ते विसरले नाहीत. मग भिंतीवरच्या सॉकेटला दिवा लावून वीज येते का ते पाहिले. येत होती. फ्यूज काढून तपासला. तो चांगला होता. झाकण बंद झाल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये म्हणून कडीपाशी एक लहान स्विच असतो. त्याला मीटर लावला, तेव्हा झाकण दाबले तरी संपर्क कधी होई, कधी होत नसे. त्यानंतर त्यांनी नळ्या अडकवायची चकती हाताने फिरवली आणि कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकला. तो स्वच्छ होता. मग मोटरच्या दोन बाजूंच्या टोप्या काढून कार्बन ब्रश बाहेर घेतले. ते झिजून नखाएवढे उरले होते, आणि त्यांची काळी भुकटी आत सर्वत्र पसरली होती. सर्वांत शेवटी त्यांनी यंत्राखालचे रबरी पाय दाबून पाहिले. त्यांना तडे गेले होते.

"साहेब, ब्रश संपलेत आणि झाकणाचा स्विच धरत नाही," ते म्हणाले. "बोर्डाला काही झालेलं नाही. मोटरही धडधाकट आहे."

कार्बन ब्रश म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोहोचवणारे, पेन्सिलीच्या शिशासारख्या द्रव्याचे दोन लहान ठोकळे. ते झिजणारच, कारण झिजण्यासाठीच ते असतात. त्यांची लांबी मूळच्या एक तृतीयांशाच्या आसपास आली की बदलायचे, आणि नवे बसवल्यावर यंत्र काही वेळ कमी वेगाने, रिकामे चालवून ते नीट बसू द्यायचे. ब्रश एझरा स्ट्रीटवरील विजेच्या सामानाच्या बाजारात मिळाले, स्विच चांदनी चौकात. पुरवठादाराच्या पत्रात या दोहोंचा उल्लेखही नव्हता. सगळा खर्च दोन हजार रुपयांच्या आत आला. तेवढी रक्कम कोणत्या शीर्षाखाली टाकायची, यावर मात्र पुढे दोन महिने पत्रव्यवहार चालला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण दुरुस्तीचा कैवार घेणारे पुष्कळदा ती टाळतात. प्रत्येक यंत्र दुरुस्त करण्याजोगे नसते, आणि हे यंत्र तर धोक्याचे आहे. मध्यापासून १० सेंटिमीटर अंतरावरची नळी मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरली, तर तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट जोर येतो. म्हणजे ५० ग्रॅमची बादली ५० किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते. समोरासमोरच्या बादल्यांत पाच ग्रॅमचा जरी फरक राहिला, तरी दांड्याला सेकंदाला ५० फेऱ्यांत सतत दिशा बदलणारा पाच किलोचा हिसका बसत राहतो. रबरी पाय त्याने तडकतात, बेअरिंग त्याने जाते. समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवा, ही सूचना त्या प्रयोगशाळेत भिंतीवर लावलेली होती. ती इंग्रजीत होती, आणि यंत्र रोज हाताळणाऱ्या मदतनिसाला इंग्रजी येत नव्हते. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीला क्लोरीनच्या द्रावणाने खड्डे पडले असतील किंवा बारीकशी भेग दिसली, तर ती निमूटपणे भंगारात टाकावी. तेथे काटकसर करू नये. पण ही भेग पाहण्यासाठीही कोणीतरी झाकण उघडावे लागते.

जेथे अधिकृत दुरुस्तीची वाट बंद असते, तेथे जुगाड सुरू होतो. झाकणाचा स्विच बिघडला की त्यात काडी खोचून किंवा चिकटपट्टी लावून तो कायमचा दाबून ठेवतात. मग झाकण उघडे असतानाही यंत्र फिरते, आणि एखाद्या दिवशी कोणाची तरी बोटे जातात. 'नियमात बसत नाही' म्हणून शंभर-दोनशे रुपयांचा स्विच नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने आपण सुरक्षितता राखली, अशा भ्रमात राहू नये.

आता त्या चौदा महिन्यांचे काय झाले ते पाहू. नमुने गाडीने दुसऱ्या गावी जात होते. रक्त पेशींपासून वेगळे न करता तसेच ठेवले तर त्यातील साखर पेशी खात राहतात, आणि सामान्य तापमानाला दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होते. उलट पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपून त्याचे प्रमाण वाढलेले दिसते. म्हणजे तीन तासांच्या प्रवासानंतर मधुमेही माणूस कागदावर बरा होऊ शकतो, आणि ज्याला काही झालेले नाही त्याला पोटॅशियम वाढले म्हणून धावाधाव करावी लागते. या चुकीच्या अहवालांची किंमत कोणत्याही वहीत लिहिली गेली नाही.

का लिहिली गेली नाही? मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे मला याचे उत्तर हिशेबाच्या पायातच दिसते. केंद्र सरकारचे हिशेब रोखीच्या तत्त्वावर ठेवले जातात. पैसा गेला त्या वर्षी खर्च दाखवला, की विषय संपला. यंत्राचा घसारा दरसाल काढला जात नाही, त्यामुळे बंद यंत्र उभे राहण्याला काहीच किंमत नाही. एखाद्या खाजगी प्रयोगशाळेच्या मालकाचे यंत्र दोन दिवस बंद राहिले, तर त्याचे गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत जाते आणि संध्याकाळी गल्ल्यात ते दिसते. आमच्याकडे यंत्र चालले तर वीज, नळ्या, रसायने असा खर्च होतो, आणि बंद राहिले तर तो वाचतो. निव्वळ कागदावर पाहता बंद यंत्र हे काटकसरीचे यंत्र आहे!

त्यात ३१ मार्चची भर पडते. अखर्चित निधी परत जातो, म्हणून फेब्रुवारीत सर्वांना एकदम यंत्रांची गरज भासू लागते. मोठी खरेदी एका फटक्यात निधी संपवते. दोन कार्बन ब्रश घेऊन निधी संपत नाही. २०१६ पासून जेम संकेतस्थळामुळे खरेदी पुष्कळ सुकर झाली, हे चांगलेच झाले. पण त्याचा एक परिणाम असा की नवे सेंट्रिफ्यूज मागवणे आता जुन्याचे ब्रश मिळवण्यापेक्षा सोपे आहे. शिवाय नव्या यंत्राची फीत कापता येते आणि छायाचित्र निघते. ब्रश बदलल्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

हे चित्र एका रुग्णालयापुरते नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आधी मोजणी केली. २९ हजारांहून अधिक आरोग्यसंस्थांत सुमारे साडेसात लाख उपकरणे आढळली, आणि राज्याराज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के नादुरुस्त निघाली. या मोजणीचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण प्रथमच कोणीतरी 'आहे का' याऐवजी 'चालते का' असे विचारले. जिल्हा रुग्णालयात यंत्रे ९५ टक्के काळ चालू असलीच पाहिजेत, अशी अटही त्या कार्यक्रमात आहे. ठेकेदाराकडून ती पाळून घेणे हा वेगळा झगडा आहे, पण मोजमाप योग्य आहे.

परदेशातील वाचकांनी ही भारताची खास व्याधी समजू नये. १६ देशांतील एक लाखाहून अधिक उपकरणांच्या याद्या तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३८ टक्के उपकरणे बंद आढळली होती. त्यातीलच एक अभ्यासक, ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट मल्किन, यांनी त्याआधी गरीब देशांतील रुग्णालयांतून आलेल्या २८४९ दुरुस्ती-मागण्यांचा मागोवा घेतला होता. बंद यंत्रांपैकी सुमारे दोन तृतीयांश यंत्रे केवळ १०७ प्राथमिक कौशल्यांच्या बळावर पुन्हा सुरू झाली. फ्यूज तपासणे, तार जोडणे, गळती थांबवणे, साफसफाई, अशी ती कौशल्ये. दहावी-बारावी झालेल्या मुलास ती काही महिन्यांत शिकवता येतील.

स्टॅनफर्डचे मनू प्रकाश यांना युगांडात एक महागडे सेंट्रिफ्यूज दार अडवण्यासाठी ठेवलेले दिसले, कारण ते चालवायला वीज नव्हती. त्यातून त्यांनी, लहानपणी आपण बटणात दोरा ओवून गरगर फिरवत असू त्या खेळण्यावरून, कागदाचे हातसेंट्रिफ्यूज तयार केले, आणि ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. किंमत अवघी काही सेंट. कल्पना अलौकिक आहे यात शंका नाही. परंतु ज्या देशात यंत्र आहे, वीज आहे, बाजारात ब्रश आहेत आणि ते बसवणारे हात आहेत, त्या देशाने या कागदी खेळण्याकडे पाहून टाळ्या वाजवाव्यात की लाज बाळगावी, हे वाचकांनीच ठरवावे.

दुरुस्तीची परंपरा आपल्याकडे नाही, असे एक सहकारी मला म्हणाले. त्यांनी कोलकात्याचा इतिहास पाहिलेला नाही. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक लॅम्बटन, ज्याची कबर आपल्या हिंगणघाटला आहे, त्याचे प्रचंड थिओडोलाइट १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना आपटले आणि वाकले. त्याने निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवला नाही. कित्येक आठवडे तंबूत बसून त्याने ते स्वतः सरळ केले. त्याच्यानंतर आलेल्या एव्हरेस्टने १८३० मध्ये इंग्लंडहून बॅरो नावाचा उपकरण-कारागीर आणला, आणि कोलकात्यात सर्वेक्षणाच्या उपकरणांची कार्यशाळा उभी राहिली. बॅरोनंतर ते काम अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी केले, आणि एव्हरेस्टसारख्या तिरसट माणसाने त्यांच्या कसबाची तोंड भरून स्तुती केली आहे. उपकरण घेतले की त्याच्याजवळ कारागीर हवा, हे कंपनी सरकारच्या नोकरांना कळत होते.

लष्करालाही ते कळते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, दुरुस्तीसाठी स्वतंत्र दल निर्माण झाले, तेच आजचे ईएमई. त्याची रचना मला फार शहाणपणाची वाटते. पहिली दुरुस्ती जेथे यंत्र वापरले जाते तेथेच, तेथे न जमणारी जवळच्या कार्यशाळेत, आणि फक्त अवघड काम आपल्या खडकीसारख्या ठिकाणच्या मोठ्या कार्यशाळेकडे. नागरी प्रयोगशाळेत पहिली पायरीच नाही. फ्यूज गेला तरी थेट कंपनीला पत्र जाते.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. हमीची मुदत रद्द होईल, हा पहिला. हमी असेतो कंपनीनेच दुरुस्ती करावी, हे मान्य. पण हमी संपून सहा वर्षे झालेल्या यंत्रालाही हेच कारण लावले जाते. देखभाल करार केलेला आहे, हा दुसरा. तो करार वाचावा. त्यात 'झिजणारे भाग वगळून' हे शब्द बहुधा असतात, आणि ब्रश, रबरी पाय, झाकणाची गॅस्केट हे सगळे झिजणारे भाग आहेत. म्हणजे जे नेमके बिघडते ते सोडून बाकी सर्वांचा करार. तिसरा आक्षेप सर्वांत खोलवरचा आहे : कनिष्ठांच्या हाती किरकोळ रोख रक्कम दिली तर ते पैसे खातील. खातील काही जण. वर्षाकाठी दहा हजारांच्या इंप्रेस्टमधून एखाद्याने हजार खाल्ले, तर ते वाईटच. पण लाखाचे यंत्र चौदा महिने बंद ठेवून आपण ते हजार वाचवतो, आणि या व्यवहाराला वित्तीय शिस्त म्हणतो. लेखापरीक्षकाने ब्रशचे बिल तपासावे, जरूर तपासावे. त्याच दिवशी त्याने यंत्र का बंद होते, हेही विचारावे.

मी पूर्व भागातील काही कार्यालयांना एक पानभर सूचना पाठवली होती. नोंदवहीत तीन रकाने वाढवावेत : यंत्र चालू की बंद, बंद असल्यास कोणत्या तारखेपासून, आणि दोष शोधण्यासाठी कोणी काय तपासले. निर्लेखनाच्या दाखल्यावर तपासणाऱ्याचे नाव असावे, नुसत्या समितीच्या सह्या नसाव्यात. प्रयोगशाळेतील एका तरी माणसास पहिल्या पायरीची दुरुस्ती शिकवावी, त्याच्या कपाटात प्रत्येक यंत्राचे झिजणारे भाग दोन-दोन ठेवावेत, आणि भिंतीवरच्या सूचना वापरणाऱ्याच्या भाषेत असाव्यात. नवीन सेंट्रिफ्यूजच्या प्रस्तावाबरोबर जुन्याच्या ब्रशची लांबी कळवावी, असेही मी त्यात लिहिले होते. त्यावर काही जण हसल्याचे माझ्या कानावर आले.

तीन कार्यालयांनी रकाने वाढवले. एकाने कळवले की विषय वरिष्ठांच्या विचाराधीन आहे. आणि एका कार्यालयाकडून लेखी पृच्छा आली की, वाढीव रकान्यांची नवी नोंदवही छापून घेण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा.